ताईच्या लॅपटॉपचं माप

हे बाहेर सांगायचं नाही, असं ताईने मला बजावलंय. पण गेल्या काही महिन्यांत इतके किस्से साठलेत की पोटात ठेवले तर मीच फुटेन!

ताई धुळ्यात बॅनरच्या दुकानात डिझाइनचं काम करते. तिला स्वतःच्या पगारातून लॅपटॉप घ्यायचाय, सोळा इंची. तो आला की नोकरी सोडून ती सोनगीरला आमच्या घरूनच स्वतःची कामं घेणार. एवढी साधी गोष्ट. पण ज्याला सांगावं तो म्हणतो, “छोटा घे!” काम काय करतेस, हे कोणी विचारत नाही.

*

दुकानाचे मालक नाना. त्यांच्या टेबलावर भलीमोठी स्क्रीन, त्यावर दिवसभर क्रिकेट! ताईला दिलाय चौदा इंची जुना लॅपटॉप. एका बाजूला टूल्स, दुसऱ्या बाजूला लेयर्स, मधल्या फटीत बॅनर. धुळ्यातली माझी शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसते, तोवर तिचे डोळे लाल झालेले असतात.

“नाना, मोठी स्क्रीन डिझाइनला द्या ना,” ती एकदा म्हणाली.

“तुझे डोळे तरुण आहेत गं. म्हाताऱ्याला बॉल दिसत नाही!”

*

एका भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर होता. मधे भाऊ, खाली वीस शुभेच्छुकांचे फोटो. त्यातला एक जण छापण्याआधी बघायला आला. छोट्या स्क्रीनवर त्याचा चेहरा डाळीएवढा.

“ताई, मना फोटो बारीक दिखस!”

“दादा, छापल्यावर ताटाएवढा होईल.”

“ते माले माहीत नही. आते मोठा करी दखाड!”

ताईने झूम केलं. स्क्रीनभर तो एकटाच. आधी खूश झाला, मग बाकीचे सगळे दिसेनात म्हणून दचकला.

“बाकीना बठ्ठा कथा गयात? भाऊले बी काढी टाकं का?”

आणि पोरीने भाऊंना बॅनरवरून काढलं, अशी तक्रार करायला तो थेट नानांकडे गेला. नाना कोणावर ओरडले? ताईवर!

*

आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर म्हणाले, “लॅपटॉप कशाला? मोबाइलवर होतं सगळं.”

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मुलाची लग्नपत्रिका ताईकडे आली. सोबत निरोप, “मोबाइलवर करू नको, नीट कॉम्प्युटरवर कर.” पैशांचं नाव नाही!

*

शेवटी आमच्या वडिलांना, आबांना घेऊन ताई आणि मी जळगावला लॅपटॉपच्या दुकानात गेलो. प्रश्न ताई विचारत होती, सेल्समनची उत्तरं आबांना मिळत होती.

“काका, मॅडमना हा द्या. हलका आहे, गुलाबी आहे. लेडीजमध्ये हाच जास्त जातो.”

“सोळा इंची दाखवा,” ताई म्हणाली. “आणि छापल्यावर येतात तसेच रंग त्यावर दिसतात का?”

“काका, मॅडमना सांगा, वॉलपेपर बदलला की पाहिजे तो रंग येतो!”

आबांनी मान डोलावली. मी पाहुण्यांसमोर पाणी ठेवतानासुद्धा खाली बघणारी मुलगी. पण त्या गुलाबी लॅपटॉपचं झाकण मी धाडकन बंद केलं.

“काका, लहान मुलीला सांभाळा,” सेल्समन म्हणाला.

“घरी विचार करू,” म्हणत आबांनी आम्हाला रिकाम्या हाती परत आणलं.

*

रविवारी ताईला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. बोलत होते फक्त मामा. आबा शिवणकाम करतात. ते मशीनवरून तसेच उठून आले होते, टेप गळ्यातच.

लॅपटॉपचा विषय निघाला. मामा म्हणाले, “मोठा नका घेऊ. आमच्याकडे टेबल वगैरे नाही. स्वयंपाक, भांडी उरकली की मांडीवर घेऊन करेल काय ते. मांडीवर मावेल एवढाच घ्या.”

आबा “बरं” म्हणाले. बरं!

ताई उठली. आबांच्या गळ्यातली टेप काढली, मुलासमोर बसली आणि त्याच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत धरली.

“अठरा,” ती म्हणाली. “आबा, सोळा इंची आरामात मावतो.”

मामांनी कप आदळला. “पोरगी फार बोलते हो तुमची!”

“बोलले कुठे, मामा? माप घेतलं.”

मामा तरातरा चपला शोधायला गेले. मुलगा गुडघे न हलवता तसाच बसलेला. आणि आबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “पोरी, जळगावच्या त्या दुकानात सोळा इंची अजून—”

आले, ताई! काही नाही, अभ्यास करतेय!