सगुणाबाईंनी मासा नापसंत केला

खारदांड्यात ही गोष्ट पुढीलप्रमाणे सांगतात. एका चिनी हॉटेलवाल्याने सगुणाबाई वैतींचा माल बंद केला, तेव्हा त्या त्याच्या हॉटेलात शिरल्या, तिथले सगळे मासे रस्त्यावर फेकले, आणि शेवटी शेठने भर दुपारी त्यांचे पाय धरले. यातले पहिले विधान खरे आहे. मासे रस्त्यावर फेकले गेल्याचा कोणताही पुरावा मिळत नाही. पाय धरल्याचे म्हणाल, तर हॉटेलमालक लियाँग यांना त्या वर्षी गुडघ्यांचा विकार होता आणि खाली वाकून ते कोणाचेही काहीही धरू शकत नव्हते.

प्रत्यक्षात जे घडले ते २४ फेब्रुवारी १९८५ रोजी, रविवारी, दुपारी साडेबारा ते पावणेदोनच्या दरम्यान, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याच्या अलीकडे असलेल्या ‘सन वाह’ या उपाहारगृहात. ही वेळ तिथला वाढपी चंदू याने सांगितलेली आहे. अन्य साक्षीदारांपैकी एकीच्या मते प्रकरण दहा मिनिटांत आटोपले, तर दुसऱ्याच्या मते ते संध्याकाळपर्यंत चालले. चंदूने त्याच आठवड्यात नवे घड्याळ घेतले होते आणि तो दर दोन मिनिटांनी ते पाहत होता. म्हणून त्याची वेळ ग्राह्य धरली आहे.

सगुणाबाईंचे वय तेव्हा रेशनकार्डाप्रमाणे चोपन्न, त्यांच्या स्वतःच्या मते पन्नास आणि नणंद सोनूबाईंच्या मते साठ होते. जन्म, लग्न आणि वैधव्य ही तिन्ही खारदांड्यातच. लग्नानंतर सासूने त्यांना वाकोल्याच्या मासळी बाजारातली आपली बसण्याची जागा दिली. जागा म्हणजे दीड हात रुंदीचा ओटा; पण कोळणींमध्ये ती दागिन्यासारखी एका बाईकडून दुसरीकडे जाते आणि कोण कुठे बसते यावर तिची पत ठरते. सगुणाबाई त्या ओट्यावर एकोणीस वर्षे बसल्या. गिऱ्हाइकाने माशाचा कल्ला उचलून पाहिलेला त्यांना खपत नसे. “माज्या तोंडावर इस्वास नाय, त माशाच्या तोंडात कं बघतंस?” हा प्रश्न वाकोल्यातल्या दोन पिढ्यांनी ऐकला आहे.

१९७१ मध्ये ‘सन वाह’ सुरू झाले. लियाँग कुटुंब मूळचे कँटनकडचे, मधली काही वर्षे कलकत्त्यात काढून मुंबईस आलेले. त्यांना रोज ताजा हेकरू, पापलेट, कोलंबी आणि जिवंत चिंबोऱ्या हव्या होत्या. सगुणाबाईंनी त्या द्यायचे कबूल केले आणि दुसऱ्याच दिवशी वाकोल्याची जागा सोनूबाईंच्या स्वाधीन केली. येथवर सारे उदात्त होते. परंतु जागा देताना त्या जे बोलल्या, ते बोलण्याची काहीही आवश्यकता नव्हती. आजूबाजूच्या सगळ्याजणी कोयते थांबवून ऐकत असताना त्या सोनूबाईंना म्हणाल्या, “बस तू हितं माश्या मारत. मी आता हाटेलवाली.”

यानंतर चौदा वर्षे त्यांनी हॉटेलच्या मागच्या दाराशी टोपली उतरवली.

गुरुवारी, २१ फेब्रुवारीला, लियाँग स्वतः त्या मागच्या दारात आले. मालक स्वतः आला की वार्ता वाईट असते, हे सगुणाबाईंना माहीत होते.

“सगुणाबाई, एक तारीख से माल मत लाना. भाऊराव का गाडी आएगा. बरफवाला.”

“कोन भाऊराव?”

“ठेकेदार. अच्छा आदमी है. बारा महिना माल, और सब मछली एक साइज.”

“एका साइजची बटनं असतात, शेठ. मासा नसतो.”

लियाँग सभ्य गृहस्थ होते. त्यांना वाईट वाटले, आणि सभ्य गृहस्थांना वाईट वाटले की ते जेवायला बोलावतात. “रविवार को फॅमिली लेके आओ,” ते म्हणाले. “दिम सम खाओ, मछली खाओ. आगे के दरवाजे से.”

घरी परतल्यावर सगुणाबाईंनी रिकामी टोपली तीन वेळा धुतली. ती पहिल्याच वेळी स्वच्छ निघाली होती, असे त्यांची सून मथुरा हिने नमूद केले आहे. माल बंद झाला तर दुसरे हॉटेल सापडण्याची शक्यता नव्हती. सगळीकडे भाऊरावांची गाडी जात होती. उरला होता एकच मार्ग: वाकोल्याच्या बाजारात जायचे, सगळ्या कोयत्यांसमोर उभे राहायचे, आणि सोनूबाईंकडे ती दीड हात जागा परत मागायची.

“आये, सोनूआत्याला सांगून ठेवू कं?” मथुराने विचारले.

“मी मेल्यावर सांग.”

मथुराने त्याच संध्याकाळी सांगितले.

रविवारी सासू-सून दोघी नेसून-सजून, गजरे माळून, पुढच्या दाराने आत गेल्या. हॉटेल भरलेले होते. रविवारी दुपारी तिथे दिम समच्या बांबूच्या छोट्या टोपल्या ढकलगाडीवर रचून टेबलांमधून फिरवत. झाकण काढले की वाफेतून तीन-तीन, चार-चार जिन्नस दिसत. चंदू मालवणचा होता आणि सगुणाबाईंना चौदा वर्षे ओळखत होता. त्याने पहिली टोपली पुढे ठेवली. “काकी, ह्या आधी खावा. आत कोलंबी आसा.”

तो पदार्थ म्हणजे पातळ, आरपार दिसणाऱ्या पारीत वाफवलेली कोलंबी, वर बारीक कळ्या पाडून मिटवलेली. सगुणाबाईंच्या मोदकांना दांड्यात मान होता. त्यांनी एक उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि कळ्या मोजल्या. बारा निघाल्या. त्यांनी दुसरा मोजला. तोही बारा.

“कोनी केलं?”

“खानसाम्यान.”

“बाप्या हाय?”

“होय गे काकी, बाप्योच.”

“लगीन झालंय?”

चंदूने खानसाम्याला तीन मुले असल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकून तो पदार्थ खाल्ला. टेबलावर ठेवलेल्या दोन काड्या त्यांनी उचलून मथुराच्या बाजूला सरकवल्या आणि मथुराने त्या परत सरकवल्या. काड्यांविषयी याहून अधिक माहिती उपलब्ध नाही.

यानंतर मासा आला, आणि येथे ‘सन वाह’ची एक रीत सांगणे आवश्यक आहे. लियाँग यांच्या आईचे वडील कँटनच्या नदीवर होडीतले खाणावळवाले होते. त्यांच्याकडे अख्खा मासा वाफवण्यापूर्वी कच्चाच ताटात घालून पाहुण्याला दाखवीत. पाहुण्याने मान डोलवली की तो शिजायला जाई. ही रीत आईच्या आग्रहाने अंधेरीतही पाळली जात होती. अंधेरीचे गिऱ्हाईक त्या क्षणी बहुधा छताकडे पाहत असे आणि तशीच मान हलवीत असे. चौदा वर्षांत कोणीही नकार दिला नव्हता, कारण हे विचारणे आहे अशी कोणाला शंकाच आली नव्हती.

सगुणाबाईंनी चौदा वर्षांत फक्त मागचे दार पाहिलेले. त्यांच्या मते कच्चा मासा कोणी समोर आणला, तर तो विकायलाच आणलेला असतो. आणि त्या दिवशीचा मासा त्यांचा नव्हता. त्या पाहुण्या असल्याने त्यांना माल आणू नका असे सांगितले होते, आणि भाऊरावांचा नमुन्याचा माल शनिवारीच आत येऊन पडला होता.

चंदूने ताट अदबीने पुढे केले. सगुणाबाईंनी ते त्याच्या हातातून घेतले, बशा सारल्या, हेकरू टेबलक्लॉथवर आडवा घातला, पदर खोचला, आणि जे स्वतःच्या माशाशी त्यांनी कोणाला कधी करू दिले नव्हते ते केले. कल्ला उचलला. पोटावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. मग त्यांनी वास घेतला.

“कवाचा हाय हा?”

“आजचो.”

“आजचा तुजा शर्ट तरी हाय कं? याचे डोले बघ. मी याला बघते, हा मना बघतच नाय. ने परत.”

चंदूने परत नेला आणि पापलेट आणले. सगुणाबाईंनी त्याच्या कल्ल्यापाशी दाबले. पांढरे पाणी यायला हवे होते. आले ते तांबूस. पापलेटही परत गेले. तिसऱ्या माशाच्या वेळी लियाँग स्वतः ताटाबरोबर आले.

“बाई, खाली मुंडी हिलाने का. रिवाज है.”

“बघितला. नको.”

“नको नहीं बोलते!”

“मग दाखवतंस कनाला?”

लियाँग यांनी तिसरा मासा ताटासकट टेबलावर ठेवला. 

शेजारच्या टेबलावर विमा कंपनीतले एक अधिकारी, श्यामसुंदर राजाध्यक्ष, पत्नी सुनंदा यांच्यासह बढती साजरी करीत होते. त्यांचे वाफवलेले पापलेट नुकतेच टेबलावर आले होते.

“अहो, तुम्ही आपला बघितला होतात का?” सुनंदाबाईंनी विचारले.

“मान हलवली ना मी.”

“मान तुम्ही आपल्या लग्नातही हलवली होतीत.” असे म्हणून सुनंदाबाई ताट घेऊन थेट सगुणाबाईंकडे गेल्या. “मावशी, जरा बघता का? परवाच ह्यांचं प्रमोशन झालंय, म्हणून मागवलाय.”

सगुणाबाईंनी आल्याचे काप बाजूला करून पाहिले. “साहेबांचं प्रमोशन झालं, बाय. याचं कवाच पेन्शन सुरू झालं.”

यानंतर बाकीची टेबले उठली. सगळ्यांना कल्ले पाहायचे होते. कल्ले कसे असावेत हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते, त्यामुळे प्रत्येकजण आपापले ताट घेऊन सगुणाबाईंच्या टेबलापाशी येऊ लागला. एका गृहस्थाने चिकन दाखवायला आणले. राजाध्यक्षांनी काढलेल्या छायाचित्रात तीन टेबलांवरची माणसे उभी दिसतात. चंदू सात टेबले सांगतो. हा फरक छायाचित्राच्या चौकटीमुळे पडला असेल, किंवा चंदूच्या स्वभावामुळे.

याच सुमारास कोपऱ्यातून लियाँग यांच्या आई उठल्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम टेबलाएवढी, आणि दिवसभर कोपऱ्यात बसून कोणाशीही न बोलण्याचा लौकिक. त्यांनी मुलाला कोपराने बाजूला सारले, टेबलावरच्या त्या तिसऱ्या माशाचा कल्ला स्वतः उचलला, वास घेतला, आणि मुलाकडे पाहून एक वाक्य उच्चारले.

या वाक्याच्या तीन आवृत्त्या आहेत. दांड्यात सांगतात की त्या म्हणाल्या, “ही बाई नाही, देवी आहे.” लियाँग यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या इतकेच म्हणाल्या की मासा ठीक नाही. चंदूला स्वयंपाकघरात राहून चिनी भाषेतल्या फक्त शिव्या येत होत्या, आणि त्याला संपूर्ण वाक्य समजले.

मग म्हातारबाई खुर्ची ओढून सगुणाबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या कपात चहा ओतला. सगुणाबाईंनी त्यांना बर्फात मासा कसा आतून मरतो ते कोळी बोलीत समजावले. म्हातारबाईंनी चिनीत उत्तर दिले. दोघींना एकमेकींचे अक्षरही कळत नव्हते. बोलण्यात मात्र कुठेही खंड पडला नाही. बोलण्याचा विषय बहुधा दोघींची मुले-सुना हा असावा, असे मथुराचे मत आहे, कारण दोघी मधूनमधून तिच्याकडे आणि लियाँगकडे पाहत होत्या.

लियाँग काउंटरमागे उभे राहून विचार करीत होते. त्यांचे हृदयपरिवर्तन झाले, असे मानण्यास आधार नाही. त्यांना एवढेच दिसले होते की आता टेबलावर मासा नेला की माणसे छताकडे पाहणार नाहीत.

“सुनो, बाई,” ते येऊन म्हणाले. “जो मछली गिऱ्हाईक को दिखाएगा, वो तुम्हारा. जो तल के लाल सॉस में डालेगा, वो भाऊराव का.”

“म्हंजी अर्दाच माल?”

मथुराने टेबलाखालून चिमटा काढला.

“कबूल,” सगुणाबाई म्हणाल्या. “पन मी आता फुडच्या दारानं येनार.”

“टोकरी लेके? नहीं.”

“बरं, मागच्या.” तहातली त्यांची ही एकमेव अट पहिल्याच नकारात सुटली. सोनूबाईंकडे जागा परत मागायची पाळी मात्र टळली होती.

खाण्याजोगा मासा त्या दिवशी हॉटेलात नव्हता. चौदा वर्षे मासळी पुरवणाऱ्या बाईने ‘सन वाह’मधल्या पहिल्या जेवणात कोंबडी खाल्ली. दांड्यातल्या कथेत हा भाग कधीच नसतो.

सोमवारी सगुणाबाई वाकोल्याला गेल्या. सोनूबाईंनी त्यांना दुरूनच पाहिले आणि आपले घमेले आणखी थोडे डावीकडे ओढले.

“आलीस, वयनी? बस.”

“बसायला नाय आली. सांगायला आली.”

आणि त्यांनी सांगितले. चिनी शेठ, त्याची आई, साहेबांचे पापलेट, सगळे सांगितले. मासे रस्त्यावर पडल्याचा उल्लेख प्रथम येथेच आढळतो. बाजारातले कोयते एकामागून एक थांबत गेले. फक्त सोनूबाईंचा चालू होता. त्यांनी तेवढ्या वेळात दोन सुरमया कापल्या.

“झालं सांगून?”

“झालं.”

“हाटेल ऱ्हायलं ना?”

“अर्दं ऱ्हायलं.”

“मग जरा गिऱ्हाईक बघ. मी चा पिऊन येते. गुरुवारपासून तुज्यासाठी अंग चोरून बसलीय, कंबर धरली मेली.”

सगुणाबाईंनी मथुराचा उद्धार केला, इकडेतिकडे पाहिले, आणि ओट्यावर बसल्या. सोनूबाईंचा चहा दीड तास चालला. त्या परतल्या तेव्हा सुरमई संपली होती, बोंबील अर्धे उरले होते, आणि सगुणाबाई उठायचे नाव घेत नव्हत्या.