चक्कीचं रबर

लातूर जिल्हा झाला त्याच साली माझा मुलगा जन्मला. ह्यांची बदली नव्या कचेरीत झाली म्हणून आम्ही नुकतेच उदगीरहून इथे आलो होतो. गल्लीनं बाळाचं नाव परस्पर ठेवून टाकलं, 'जिल्हा'. जिल्हा रांगायला लागला, जिल्ह्याला गोवर आला, जिल्हा दहावीला बसला. आता जिल्ह्याला टक्कल पडलंय आणि तो अमेरिकेत असतो, तरी शेजारच्या खाला अजून त्याच नावानं चौकशी करतात.

हे गेल्यावर मी एकटीच राहते. एका सुट्टीत मुलानं सिंकखाली खरकटं दळायची चक्की बसवून दिली. तिकडे म्हणे घरोघरी असते. मला तिचं फारसं अप्रूप नव्हतं, माझ्याकडची सालं-देठं खालांच्या बकऱ्या आवडीनं खायच्या. पण तो ओट्याखाली उताणा पडून पाने फिरवत होता, मी बॅटरी धरून उभी होते, आणि सारी दुपार त्याचे लांबलचक पाय माझ्या स्वयंपाकघरात पसरलेले होते. चक्कीवर माझा जीव जडला तो तेवढ्यासाठी.

मग दुष्काळ पडला. प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं, तिथे खरकटं दळायला बादली कोण ओतणार? चक्की बंदच राहिली. पाऊसपाणी झाल्यावर मी कौतुकानं बटण दाबलं, तर दुधीची सालं थेट माझ्या तोंडावर. सालं वर उडू नयेत म्हणून चक्कीच्या तोंडाशी रबर असतं, ते वाळून चिरफळलं होतं. बाजारात गेले. दुकानदारानं कुकरची रिंग दाखवली, मिक्सरचं वायसर दाखवलं, आणि शेवटी चहा पाजून मला परत पाठवलं.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "राहू दे आई. दिवाळीला येतोय, येताना घेऊन येतो."

त्या दिवसापासून मी रबराची वाट बघू लागले. गाद्यांना ऊन दिलं. दूधवाल्याला दिवाळीत जास्तीचं दूध टाकायला सांगून ठेवलं. चक्की चालू झाली का असं कुणी विचारलं, की मी ऐटीत म्हणायची, रबर यायचंय. खालांना बरोबर कळायचं. त्या विचारायच्या, "जिल्हा कवा येणार हाय?"

नवरात्रात कुरिअरवाला एक लहानसं खोकं देऊन गेला. फोडायच्या आधीच मला कळलं. रबर एकटं आलं, म्हणजे तो येत नव्हता. तिथेच ओट्यापाशी बसून मी रडून घेतलं. मग तोंड धुतलं, जुनं रबर उपसून काढलं आणि नवं दाबलं. पहिल्या झटक्यात बसलं. चक्की अगदी शहाण्यासारखी फिरली, आणि मला तिचा मेलीचा भयंकर राग आला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. सुट्टी मिळत नाही, काम फार आहे, पुढे बघू. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, रबर नीट बसलं ना?

"लहान पडलं," मी म्हणाले.

"किती लहान?"

"बोटभर."

"बोटभर लहान असतं तर ते आतच पडलं असतं, आई."

मी चक्कीचं बटण उगाच पदरानं पुसत राहिले. मग तो म्हणाला, "बरं. आता मीच येऊन माप घेतो."

फोन ठेवल्या ठेवल्या मी नवं रबर काढलं आणि फाटकं पुन्हा बसवलं. खालांना भिंतीवरून सांगितलं, जिल्हा येतोय माप घ्यायला.

त्यानंतर बऱ्याच दिवाळ्या झाल्या. बकऱ्यांना अजून माझ्याकडची सालं मिळतात. नवं रबर पोह्यांच्या डब्यात आहे. तो येईपर्यंत वाळू नये म्हणून अधूनमधून मी त्याला खोबरेल लावते.