खरवसाची यादी

श्रावणातला दुसरा मंगळवार, सकाळी साडेनऊ. हजर: घरमालक काका, काकू, जनावरांचे डॉक्टर, भाडेकरूंपैकी सात-आठ बायका आणि मी. गाय गोठ्यात आडवी. वासरू दुसरीकडे बांधलेलं.

वरची नोंद त्या दिवशीच्या वहीत आहे तशी उतरवली आहे. कंपनीच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढली की काहीही झालं तरी हात आधी वहीकडे जातो.

निघोज्यात काकांची बरीचशी जमीन कारखान्यांसाठी गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि मागे एक गाय ठेवली. त्या मंगळवारच्या दीड महिना आधी एक भटकं कुत्रं तिच्या नाकाडाला चावून गेलं होतं. काकांनी हळद-चुना भरला, जखम सुकली, विषय संपला. गाईलाही इंजेक्शन द्यावं लागतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. पुढे ती व्याली. काकूंनी चीक जवळजवळ सगळ्या खोल्यांत वाटला, घरोघर खरवस झाला. आठवडा गेला आणि गाईनं वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा, मागचे पाय लटपटलेले, आणि दिवसभर घसा बसल्यासारखं हंबरणं.

डॉक्टर हातमोजे घालून लांबूनच बघत होते. "पिसाळलीये," ते म्हणाले.

"गाय कुटं पिसाळत आसती व्हय?" काकू म्हणाल्या. "पिसाळतं ते कुत्रं."

"कुत्रं चावलं की गाय, म्हैस, शेळी, कुणीही पिसाळतं, काकू. ही वाचत नाही. आता माणसांचं बघा. वेळेत इंजेक्शनं घेतली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली की मग कुणाकडेच काही इलाज नाही."

मी लगेच कामाला लागले. खोली क्रमांक, माणसं किती, चीक किती घेतला, खाल्ला कुणी. पाऊण तासात दोन पानं भरली. बायका घाबरल्या होत्या आणि घाबरल्या म्हणून जास्तच बोलत होत्या.

"वाटी परत करताना अजून मागत होतीस ना? घे, तुला डबल डोस!"

"आणि तू तर पातेलं चाटलंस. भुंकायला लागलीस तर आधी सांग गं बाई."

ज्यांनी चीक घेतला नव्हता त्यांच्या ओळींवर मी पट्टी धरून काट मारली. यादी स्वच्छ दिसली पाहिजे, ही माझी सवय.

डॉक्टरांनी दोन्ही पानं नीट वाचली. "छान केलीत. पण उकळलेल्या दुधानं, वाफवलेल्या खरवसानं हा रोग होत नाही. कच्चं कुणी प्यायलं असेल तर त्यानं दवाखान्यात विचारून घ्यावं. मला दुसरं सांगा. हिच्या तोंडात हात कुणी घातला?"

काका पुढे आले. "लाळ गळत हुती, आमाला वाटलं घशात काय तरी आडकलंय. म्या जबडा धरला. हात नऊ नंबरच्या वेल्डरनं घातला. पार कोपरापातूर."

मी वही उलटली. खोली नऊ: एकटाच, शिफ्टला होता, चीक नाही. काट.

चाळिशीचा, लातूरकडचा माणूस. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याच्या हातांवर कायम एकदोन ओल्या जखमा असायच्या, बाहीचं बटण लावताना तो तोंड वाकडं करायचा. आख्ख्या चाळीत सगळ्यात जास्त धोका त्याला, आणि खोडलेला तोच. शिवाय ठेका संपला म्हणून रविवारीच तो खोली सोडून गेला होता.

काकांना त्यांच्या पुतण्यानं तसंच गाडीवर बसवून सरकारी रुग्णालयात नेलं. मी वेल्डरला फोन लावला.

"ताई, माझ्या वाटणीचा चीक राहिला म्हणून फोन केला का?"

"गाय पिसाळलेली होती. त्या दिवशी हाताला भाजलेलं होतं का?"

"ते तर रोजचंच की ओ. साबणानं धुतला मी हात. गावाकडं बैलाच्या तोंडात शंभरदा घातलाय."

"आज इंजेक्शन घ्या. आजच."

"नव्या कामावर चाललोय, ताई. पहिल्याच दिवशी सुट्टी मागू का?"

"काका गेलेत घ्यायला. हा रोग झाला की माणूस वाचत नाही, डॉक्टर समोर सांगून गेले."

"गाय गेली का?"

"संध्याकाळपर्यंत जाईल."

"लई गरीब होती," तो म्हणाला. "बघतो, ताई."

त्यानंतर तो फोन लागला नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कोणत्या कामावर चाललाय हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी ठेकेदाराला गाठलं. त्याच्याकडे माणसांची हजेरी होती, पत्ते नव्हते. काकांकडच्या आधारच्या झेरॉक्सवर गावाचं नाव मिळालं. तिथल्या एका दुकानदाराशी बोलणं झालं. तो म्हणाला, घराला कुलूप आहे, कामाला गेलेत सगळे, कुठे ते माहीत नाही.

गाय त्याच संध्याकाळी गेली. काकांनी सगळी इंजेक्शनं पूर्ण केली, ते धडधाकट आहेत. वासरालाही लस दिली. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतली कुत्री धरून टोचून घेतली, प्रत्येकाचा रंग आणि खूण लिहून. त्यात एकही सुटलं नाही, हे मी खात्रीनं सांगू शकते.

आता दोन वर्षं झाली. त्याच्या गावी स्वतः जाऊन यायचं, हे एवढं राहिलं आहे. दोनदा रजा टाकली, मंजूरही झाली, आणि दोन्ही वेळा मी घरीच बसले. ते दार उघडं असेल तर आतून कोण येऊन काय सांगेल, ते ऐकायचा धीर होत नाही. आता रजेच्या अर्जात दिवाळीनंतरची तारीख घातली आहे.