वर्षाराणीची खुली भाषा

कामरगावच्या वर्षाराणीनं पोरांना कॉम्प्युटर शिकवता शिकवता मराठी आज्ञांची एक प्रोग्रामिंग भाषा घडवली आणि नेटवर सगळ्यांसाठी खुली सोडली. फुकट वापरा, बदला, विका. परवान्यात अट एकच, घडवणारीचं नाव ठेवा.

परवा शहरातल्या एका कंपनीतून फोन आला. साहेबाच्या आवाजात नुसता हुकूम.

"तुमच्या भाषेत बग आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकानं सूत्र लिहिताना कंस उघडा ठेवला, की पडद्यावर येतं, 'काहून घाई करून राह्यला बे? आधी कंस बंद कर.' ग्राहक हसतात. आजच नवी आवृत्ती काढा."

वर्षाराणीनं फोन चालू ठेवूनच त्यांचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. सुरुवातीलाच ठळक लिहिलेलं, 'संपूर्णपणे आमची निर्मिती!' तिचं नाव कुठंच नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या बापाची तिफन पेरणीत गावभर फिरते, पण नेणारा प्रत्येक जण "इंद्रभानभाऊची हाय" असं सांगतोच. अन् हे शिकलेले लोक!

"माह्यं नाव काहून पुसलं?" ती कडाडली. "नाव पुसलं, अन् माही बोली पुसाले विसरले का?"

"फुकटच तर आहे, मॅडम. नावाचा एवढा कसला बाऊ?"

तिनं फोन आपटला आणि संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती काढली. साहेबाला खुपणारं वाक्य तिनं खरंच काढून टाकलं होतं.

कंपनीनं नेहमीसारखी ती न वाचताच उचलली. दुसऱ्या दिवशी कंस उघडा ठेवणाऱ्या त्यांच्या प्रत्येक ग्राहकाच्या पडद्यावर उमटलं, 'हे भाषा कामरगावच्या वर्षाराणीची हाय. इकणाऱ्यानं नाव पुसलं. आता कंस बंद कर.'