पऱ्हाटीचे स्लीपर, पितळेचे रूळ

करीमभाई मिस्त्रींची आणि माझी ओळख शिवणयंत्रामुळे झाली. दारव्ह्याच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून मी नवाच होतो. पत्नीचे यंत्र अडले म्हणून ते घेऊन गेलो, तर करीमभाईंनी यंत्र बाजूला ठेवले आणि आधी वीतभर लांबीचा रेल्वेमार्ग माझ्यापुढे धरला. "विकायला आहे का?" मी विचारले. "नाही गुरुजी. जिनिंग बंद पडली, पन हाताले सवय आहे ना." यंत्र मात्र चौथ्या दिवशी मिळाले.

ती कापसाची पडती वर्षे होती. करीमभाई फिटर होते त्या जिनिंगला कुलूप लागले होते. रिकामे बसणे त्यांच्या रक्तात नाही. गावच्या छोट्या रेल्वेगाडीचा मार्ग त्यांनी हुबेहूब घडवायला घेतला. तयार प्लास्टिकचे रूळ मिळतात, असे मी सुचवल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा तो विषय काढला नाही. वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, चिरून ते रुळांखालचे स्लीपर करत, पितळी पट्टी कानशीने घासून रूळ करत. टाचण्या छाटून खिळे. काळा दगड फोडून, तीन चाळण्यांतून काढलेली गिट्टी. एकदा मी एक तिरका स्लीपर सरळ करू लागलो, तर त्यांनी मला भर उन्हात स्टेशनापर्यंत चालवत नेले आणि खरा स्लीपर दाखवला. तोही तिरकाच होता.

जिनिंगमधल्या बेकार सोबत्यांना ते अंगणात बसवून कानस धरायला शिकवत. त्यामुळे आमच्या शाळेत कार्यशाळेच्या निदेशकाची जागा निघाली तेव्हा त्यांचेच नाव पुढे आले. मार्ग शाळेत मांडावा, संस्थेची मंडळी काम पाहून ठरवतील, असे ठरले. करीमभाईंना ती जागा हवी होती. तसे त्यांनी एकदाच, खाली बघत सांगितले होते.

जानेवारीत आम्ही कार्यशाळेच्या टेबलांवर अठरा फूट मार्ग मांडला. रुळांच्या प्रत्येक सांध्यात त्यांनी पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवली होती. इथपर्यंतची हकिगत करीमभाईंच्या सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीला माहीत आहे. पुढची मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

त्या फटी मला खुपल्या. चित्रकलेचा शिक्षक ना मी! "बुजवून टाका," मी म्हणालो.

"गरमीत पितळ वाढते गुरुजी. त्याले जागा लागते."

"अहो, एवढ्याशा पितळेला काय होतंय? पाहुण्यांना रूळ सलग दिसायला हवा."

शिकलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी साऱ्या फटी सोल्डरने भरल्या.

एप्रिलअखेरीस भर दुपारी संस्थेचे पाहुणे आले. वर टिनाचे छप्पर तापलेले. रूळ मधोमध वाकडे होऊन उचलले गेले होते, पऱ्हाटीचे स्लीपर उपटून आले होते. करीमभाईंनी सोडलेले छोटे इंजिन तिथवर गेले आणि कलंडले. "हे कोणी केलं?" संस्थेच्या अध्यक्षांनी विचारले.

"माहंच काम आहे साहेब. चुकलं."

मी शेजारीच उभा होतो. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी तोंड उघडले नाही. ती जागा बाहेरच्या माणसाला मिळाली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. "काहून असं बोललात?" मी विचारले. तोवर मलाही तिथली बोली लागली होती. ते म्हणाले, "सोल्डर कोनाच्या हातानं लागलं? मले माहीत होतं, तरी लावलं. मंग चूक कोनाची?" आणि आत चहा सांगितला. त्यानंतर इतकी वर्षे तो चहा चालू आहे. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मला त्याची लाज वाटायची थांबली नाही.

आज करीमभाई पंच्याहत्तरीत आहेत. तो मार्ग त्यांनी पुन्हा बांधला, तो त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. दर मे महिन्यात आम्ही दोघे चष्मे लावून सांधे पाहतो. फट मिटत आलेली असते आणि रूळ जागचा हललेला नसतो.

त्यांच्या कारागिरीवर लिहा, असे समितीने मला सांगितले. त्यांची कारागिरी त्या फटीत होती आणि ती बुजवायला मी लावली. करीमभाईंचे काम कच्चे, असे त्या दुपारपासून मानणारी माणसे गावात अजून आहेत. त्यांतले दोघे सत्काराला पहिल्या रांगेत असतील.

करीमभाईंना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या हातातली कानस कधी न थरथरो. सत्काराच्या दिवशी हा लेख मी स्वतः, उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचणार आहे.