परतीच्या सायकली

हसनाबादच्या कडूबाला एक कसब येत होतं, आणि त्या कसबानंच त्याला बुडवलं. एका सायकलवर बसायचं, दुसरीचं हँडल डाव्या हातात धरायचं आणि राजूरपासून हसनाबादपर्यंत दोन्ही न पाडता आणायच्या.

त्याचं आणि मावसभाऊ संपतचं मिळून भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. निम्मं हसनाबादला कडूबाकडं, निम्मं राजूरला गणपतीच्या रस्त्यावर, संपतकडं. वीस सायकली, सगळ्या हिरव्या. इथून घ्या, तिथं सोडा. चतुर्थीला माणसं सायकलीनं राजूरला जायची आणि जीपमध्ये बसून परतायची. सायकली तिकडं साचायच्या, इकडं गिऱ्हाईक हात हलवत माघारी. ज्याच्याकडे जास्त, त्यानं पोचत्या करायच्या असं ठरलेलं. पण नऊ वर्षं ऊन खाल्लं ते एकट्या कडूबानं. संपतला कंबरदुखी होती. ती फक्त सायकलीपुरतीच कशी, हे कडूबाला कधी सुचलं नाही. इतका भोळा माणूस बघून रागच येतो.

सत्त्याऐंशीच्या एका अंगारकीला संपतचा निरोप आला, "हितं लई गर्दी हाय. हायेत तेवढ्या सगळ्या आण. परवा तुझ्या वाट्याच्या बराबर अर्ध्या घेऊन जा."

"दोन तरी दारात राहू द्या," कडूबाची बायको द्वारकाबाई म्हणाली.

"भावावर भरवसा न्हाई का?" तो तिच्यावरच खेकसला. उरलेल्या सहा सायकली त्यानं तीन खेपांत नेऊन दिल्या.

तिसऱ्या दिवशी तो आपल्या वाट्याच्या आणायला गेला. दुकानासमोर वीस सायकली ओळीनं उभ्या होत्या, लालभडक. रंग अजून वाळला नव्हता. वर नवी पाटी, तिच्यावर एकट्या संपतचं नाव.

कडूबानं एक सीट उचलून पाहिली. खाली हिरवा रंग तसाच होता.

"ह्या आपल्या दोघांच्या हायेत, संपत."

"आता हितंच ऱ्हातील. तिकडं काय धंदा उरला न्हाई. तू माझ्याकडं कामाला ये. तुझ्यावानी सायकली आणणारा दुसरा कुणी न्हाई."

ज्याला भाऊ मानून कडूबानं नऊ वर्षं घाम गाळला, त्यानं त्याला हमालच धरलं होतं.

तो वळला तेव्हा संपतनं एक सायकल पुढं केली. "पायी कशाला जातो? ही घेऊन जा. उद्या तेवढी परत आणून दे."

कडूबानं सायकलीला हात लावला नाही. पायीच निघाला. डावा हात कुठं ठेवावा, हे मात्र त्याला हसनाबाद येईपर्यंत उमगलं नाही.