इंजिनोबाच्या पाठीवरचं ताम्हण

पुण्याहून निघताना माधवने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डिकीत वायर ब्रश, पटाशी आणि रॉकेलची बाटली टाकली. मी देवघरातलं अर्धं ताम्हण पिशवीत घालून मांडीवर घेतलं.

"इंजिन शोधायला चाललोय की सत्यनारायणाला?" त्याने विचारलं. मला हसू आलं नाही. हल्ली कशाचंच येत नव्हतं.

कारण अण्णा. माझ्या वडिलांच्या हृदयाची झडप निकामी होत आली आहे. डॉक्टर ऑपरेशनची घाई करताहेत आणि अण्णा ढिम्म. "आधी माझ्या पिकअपमध्ये तिचं स्वतःचं इंजिन बसवा. एकदा आवाज ऐकतो, मग कापा काय कापायचं ते." ही पिकअप परदेशी बनावटीची, तशी दुसरी आम्ही कुठे पाहिली नाही. तिच्यातून अण्णा नगर जिल्ह्यातल्या शाळांना पुस्तकं आणि खडू पोचवायचे. पुढे ती विकली. यंदा शेवगावात तिचा सांगाडा सापडला, तर पोटात भलतंच डिझेल इंजिन. पेट्रोल परवडेना तेव्हा पुष्कळांनी हेच केलं होतं. गाडीत डिझेल इंजिन बसवायचं आणि काढलेलं रॉकेलवर चालवून विहिरीवर पाणी उपसायला लावायचं. आमचं गाडी घेणाऱ्याच्या खर्ड्यातल्या पाहुण्यांकडे गेलं, एवढं शेवगावात कळलं.

पण तेच ते, हे ओळखायचं कसं? त्यावर नंबर असणारच. शिवाय एक घरची खूण होती. इंजिनाला तडा जाऊन पाणी गळायला लागलं तेव्हा अण्णांनी आजीचं पूजेचं ताम्हण कापून त्याचं ठिगळ स्क्रूंनी आवळलं होतं. भिक्षुकाच्या घरातलं ताम्हण! आजीने कितीतरी दिवस अबोला धरला. ताम्हणाच्या तळाला टिंबाटिंबांनी तिचं नाव घातलेलं होतं. त्यातली 'गोदा' आमच्याकडे राहिली आणि 'वरी' इंजिनाबरोबर गेली. ठिगळानंतरही रेडिएटर गळायचाच, आणि दर थांब्यावर किटलीने त्यात पाणी ओतायचं काम माझं.

नगर (आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय नाही) मागे टाकून जामखेडचा रस्ता धरला. मध्येच बीड जिल्ह्याची पाटी दिसली आणि मी ओरडले, "चुकलो आपण!"

"अगं, हा रस्ता बीडमध्ये डोकावून परत नगरमध्येच येतो," माधव म्हणाला.

दोन्ही बाजूंना ज्वारी आणि तूर, मध्येच उघडं माळरान. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. जामखेडला भाकरी आणि शिपी आमटी (काळ्या मसाल्याची झणझणीत डाळीची आमटी) मागवली. माधवने नाक पुसत दोन वाट्या ओरपल्या. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. इंजिन भंगारात गेलं असेल तर अण्णांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

खर्ड्यात किल्ल्याच्या तटाशी गाडी उभी करून विचारपूस सुरू केली. विहिरीवरचं जुनं इंजिन म्हटलं की लोक माना हलवायचे. शेवटी एक पानटपरीवाला म्हणाला, "इंजिनोबा म्हनता का? मग असं म्हना की! वढ्याच्या पल्याड, लिंबाखाली हाय."

इंजिनोबा!

विहिरीच्या कठड्याजवळ, पाठ कठड्याकडे करून, चौथऱ्यावर शेंदराचा एक गोळा बसला होता. त्याला चांदीचे डोळे होते, गळ्यात रुईच्या पानांची माळ. पंख्याची दोन पाती तेवढी ओळखू येत होती. शेताच्या मालकीणबाई, कोंडाबाई, खुरपं ठेवून आल्या.

"माझं लगीन झालं तवा ह्यो फटफट करीत पानी काढायचा," त्या म्हणाल्या. "मग लाईटीची मोटार आली. ह्याला भंगारात द्यायचं ठरलं, तवाच दुस्काळ पडला. समद्यांच्या हिरी आटल्या, आमची न्हाई आटली. आता कोन हलवील त्याला?"

एवढ्यात माधव पटाशी घेऊन पुढे झाला. "फक्त नंबरापुरता शेंदूर खरवडतो."

"आरं बाबा! देवाचं कातडं सोलता व्हय?"

माधवने पटाशी पाठीमागे लपवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी हात जोडले, पिशवीतून ताम्हण काढलं आणि अण्णांच्या आजारापासून सगळं सांगून टाकलं. कोंडाबाईंनी ताम्हण हातात घेऊन नावावरून बोट फिरवलं.

"शेंदूर पुढून लावत्यात, लेकी. देवाच्या पाठीला लावीत न्हाईत. घाल मागून हात. इचवाचं तेवढं बघ."

कठडा आणि इंजिन यांच्यामधल्या फटीत मी हात घातला. जळमटं, पाला, गंजाचे पापुद्रे. मनगटावरून काहीतरी सरसरत गेलं आणि मी किंचाळले. पाल होती. पुन्हा हात घातला. आता बोटांना काहीतरी गुळगुळीत, गार लागलं. कडेने स्क्रूंची डोकी. मग बारीक टिंबं. व. री.

मला रडूच फुटलं. फटीत मोबाईल सरकवून फोटो काढला.

"तुमचाच हाय?"

"हो, मावशी."

कोंडाबाई चौथऱ्यावर बसल्या. "मंग तुमी न्यायला येनार." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "वडिलांना विचारून कळवते," एवढंच कसंबसं म्हणाले. त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला.

परतीचा सगळा रस्ता एकच विचार. इंजिन आणावं तर दुसऱ्याच्या विहिरीवरचा देव उचलून आणायचा, आणि न आणावं तर अण्णा ऑपरेशनला उभे राहणार नाहीत. गाडीत खोबऱ्याचा वास तेवढा होता.

अण्णांनी चष्मा लावून सगळं ऐकलं आणि खोकला येईपर्यंत हसले. "देव झाला? त्या हरामखोराला मी रोज शिव्या घालायचो! माझ्याकडे होता तोवर पोटात घोटभर पाणी टिकेना, आणि तिथं अख्खी विहीर सांभाळतोय म्हणे. राहू दे त्याला तिथंच."

मग ऑपरेशन? मी मोबाईलमधला फोटो त्यांच्यापुढे धरला.

अण्णा फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले. "स्क्रू हललेत का गं?"

"एकही नाही. मी हात लावून पाहिलं."

"माझ्या हातचं ठिगळ," ते म्हणाले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, लावा तुमचंही."